परतीचा छाप

नवऱ्यानं आमटीचं कौतुक केलं आणि त्रिशलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

कौतुक ऐकून बाईनं खुलावं, निदान आणखी एक पळी वाढावी, अशी जगाची रीत. पण त्रिशला चौगुले पडल्या हुपरीच्या. या चांदीच्या गावात न मागता हाती आलेली वस्तू आधी तराजूत जाते, मग तिजोरीत. मुलीचं बाळंतपण उरकण्याइतका त्यांचा संसार जुना झाला होता, आणि एवढ्या काळात जिनपाल चौगुल्यांनी आमटीला दिलेली सगळ्यात मोठी पावती म्हणजे 'हं'. त्यातही 'हं' जरा लांबला तर आमटी आंबट झालेली असायची.

"काय टाकलंयस आज? झकास झालीय," जिनपाल म्हणाले.

"रोजचंच."

"मग रोजच झकास होत असणार. माझंच लक्ष नव्हतं."

दिवस मावळायच्या आत जेवायची घरची शिस्त. खिडकीतून आलेलं शेवटचं ऊन ताटावर पडलं होतं. त्या उजेडात त्रिशलाबाईंनी नवऱ्याला निरखलं, जास्त चकाकणाऱ्या चांदीकडे सराफ बघतो तसं. कौतुक तर केलं, पण वाटी पुढं केली नाही. ज्याला आमटी झकास लागते तो दुसऱ्यांदा मागतो. मागितली नाही, म्हणजे जमेच्या बाजूला काहीतरी खोटं पडलं होतं.

"बॅटरी बदलून आल्यापासून फार गोड बोलाय लागलाय तुम्ही."

"वाईट वाटतंय?"

"वाईट नाही. हिशेब लागंना."

ही बॅटरी म्हणजे घड्याळाची नव्हे. जिनपालांच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र होतं. तिथून मानेतून वर गेलेल्या दोन बारीक तारा मेंदूच्या तळाशी पोचल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पैंजणाच्या बारीक कड्या जोडताना ज्योत चुकायला लागली. कंपवात. मेंदूत खोलवर, तुरीच्या दाण्याएवढ्या जागेतल्या पेशी या रोगात एकाच ठेक्यावर ठोके द्यायला लागतात. भर बाजारात सगळ्यांनी एकदम टाळ्या पिटाव्यात, आणि हाताकडे निघालेला निरोप त्या गोंगाटात बुडून जावा, असा प्रकार. यंत्र तो ठेका ऐकायचं आणि नेमक्या क्षणी विजेची हलकी टिचकी मारून मोडायचं.

जुन्या यंत्रांची टिचकी सगळ्यांना सारखीच असायची. हे नवं यंत्र शिकायचं. माणूस केव्हा उठतो, केव्हा चिडतो, बारीक काम करताना श्वास कसा रोखतो, हे बघत बघत ते आपले हजारो आकडे जुळवत न्यायचं. त्या जुळलेल्या आकड्यांना सगळे सेटिंग म्हणत. यंत्र नवं मिळतं, सेटिंग मिळत नाही. ते पुसलं गेलं तर यंत्राला तो माणूस पहिल्यापासून शिकावा लागतो आणि तेवढे महिने हात पुन्हा वाऱ्यावर. म्हणून बॅटरी बदलायच्या आधी सेटिंगची प्रत काढायची आणि बदलून झाली की परत भरायची. जुन्या-नव्या सगळ्या प्रती कोल्हापूरच्या दवाखान्यात राहत; सगळ्यात ताजी एक घरच्यांकडे, छोट्या कार्डावर. परत भरताना अंगठे लागत दोन: एक पेशंटचा, एक घरच्या माणसाचा.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत हळूच सांगून ठेवली होती. त्या तुरीच्या दाण्यात हाताच्या शेजारीच स्वभावाचं बिऱ्हाड आहे. 'पुढं जाऊ का थांबू' हे तिथंच ठरतं. या खोलीत मारलेली टिचकी शेजारच्या भिंतीला थोडीफार ऐकू जाणारच.

त्रिशलाबाईंनी ते वाक्य ऐकून घेतलं होतं आणि नीट घडी घालून मनात ठेवलं होतं. आता ते बाहेर निघालं.

बॅटरी बदलली त्या दिवशी त्या सांगलीत मुलीजवळ होत्या. नाइलाजानं त्यांनीच धाकट्या दिराला, धनपालला, फोन केला होता: दादांना घेऊन जा, दुसरा अंगठा द्या. आणि भावाभावांत तर एवढी वर्षं बोलणं नव्हतं. जिनपालांचा छाप शंखाचा. पैंजणाच्या कडीमागं तो इवलासा शंख दिसला की गिऱ्हाईक टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारत नसे. जेवढी शुद्ध सांगितली तेवढी चांदी असायचीच. त्या शंखाचा ठसा धनपालनं एकदा गुपचूप हलक्या टंचाच्या मालावर उठवला. जिनपालांनी तो सगळा माल शोधून आणून वितळवला, आणि त्यानंतर भावाचं नाव घरात निघालं की ते हात धुवायला उठायचे.

असा माणूस आता भावाला 'ये रे, बस' म्हणत होता. अक्षय तृतीयेला दोघांचे कारखाने एक व्हायचे ठरलं होतं. शंख बंद, दोघांचा मिळून नवा छाप. भरीला आणखी दोन गोष्टी. जिनपाल हल्ली चहा अर्धाच कप मागत. आणि कामातली घट वाढली होती. चांदी कामाला देताना वजन, परत घेताना वजन. मधे जी कानसून-घासून कमी होते ती घट. या घरात घटीचं प्रमाण सुनांच्या माहेरासारखं सगळ्यांना तोंडपाठ. ते वाढलं होतं, आणि वाढलं होतं धनपालचं येणं-जाणं सुरू झाल्यापासून.

त्रिशलाबाईंनी बेरीज मांडली. दिरानं अंगठा दिला, नवरा मऊ झाला, छाप चालला, चांदी चालली.

दुसऱ्या दिवशी धनपाल आला तो पेढे घेऊन.

"भावजी, कोल्हापुरात काय काय झालं ते जरा सांगा बघू."

"वहिनी, चहा तरी टाका. चौकशी कोरडी नको."

"चहा मागनं. अंगठा कशावर दिलात?"

"म्हटलंच, अजून कसं विचारलं नाही!" धनपाल हसला. "काढलेल्या प्रतीचं वजन, म्हणजे फाइल केवढी ते, बघितलं, भरलेल्या प्रतीचं बघितलं. पडद्यावर दोन्ही आकडे असतात. केसाचा फरक नव्हता. जेवढं गेलं तेवढं आलं, मग दिला अंगठा. हुपरीचा आहे मी, आंधळा अंगठा देईन होय?"

त्रिशलाबाईंना यात खोट काढता येईना. त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं.

"आणि कुठली प्रत भरायची हे कुणी ठरवलं?"

पेढ्याचा पुडा सोडणारा हात थांबला. "ते... दादानं मला चहा आणायला पाठवलं होतं."

"म्हणजे तुम्ही खोलीतच नव्हता."

"नव्हतो की. त्यालाच विचारा ना, माझ्यामागं का लागलाय? एकदा चुकलो मी, वहिनी. एकदा."

"माझ्या घरात घट वाढलीय, भावजी."

धनपालच्या चेहऱ्याचा रंग बदलला. चहा न घेताच तो उठला. पेढे तिथंच राहिले. त्रिशलाबाईंनी ते शेजारी वाटून टाकले, एकही तोंडात घातला नाही.

कपाटातलं कार्ड पर्समध्ये टाकून त्या एकट्याच कोल्हापूरला गेल्या. दवाखान्यात सेटिंगचं काम बघणारी रेवती साळोखे नावाची पोरगी होती, बोलायला मोकळी.

"वजन सारखं असणारच, काकू," ती म्हणाली. "सगळ्या पेशंटच्या सगळ्या प्रती एकाच वजनाच्या. रकाने ठरलेले आहेत, फक्त आतले आकडे बदलतात."

"म्हणजे पितळ भरलं काय नि चांदी भरली काय, काटा तोच?"

"तसंच समजा. आत उघडून बघावं लागतं."

त्रिशलाबाईंना दिराचा नव्हे, स्वतःचाच राग आला. सगळी हुपरी वजन बघून टंच विसरली, असं व्हायला नको होतं.

रेवतीनं कार्ड लावलं आणि त्यावरची प्रत नि जिनपालांना भरलेली प्रत शेजारी-शेजारी उघडल्या. ओळीमागून ओळ लाल होत गेली.

"कार्डावरची ताजी आहे. काकांच्या आत आहे ती पहिल्या उन्हाळ्यातली. यंत्र अजून शिकत होतं तेव्हाची."

"चुकून भरली?"

"नाही. काकांनी निवडली." रेवती जरा घुटमळली. "बॅटरी काढली तेव्हा यंत्र थोडा वेळ बंद होतं. म्हणजे त्या वेळात ते कुठल्याच सेटिंगवर नव्हते. अंगभर थरथरत होते. धनपालकाका दोन्ही हात धरून बसले होते त्यांचे. मग काकांनी त्यांना चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, पहिली भर, आणि यंत्राचं पुढचं शिकणं बंद ठेव. मी सांगितलं, त्या प्रतीत हात पूर्ण थांबत नाही. तर म्हणाले, ठाऊक आहे. घरी मी सांगतो."

बसमध्ये त्रिशलाबाईंना तो पहिला उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात जिनपाल दोनदा विनाकारण हसले होते. हात सुधारल्याचा आनंद असेल, असं धरून त्यांनी ती रक्कम दुसऱ्याच खात्यात टाकली होती.

घरी न जाता त्या थेट कारखान्यात गेल्या. जिनपाल एकटेच बसले होते, उजवा हात खिशात.

"हात दाखवा."

जिनपालांनी बघितलं, सुस्कारा सोडला आणि हात बाहेर काढला. करंगळी हलत होती. मग तिच्याबरोबर अख्खा पंजा, मंदपणे, पाण्यातल्या पानासारखा. अर्धा कप चहा का, ते त्रिशलाबाईंना कळलं. घट का वाढली तेही कळलं. कानसताना उडालेला चांदीचा भुगा फरशीच्या सांदीत पडला होता. वाकून बघितलं तर चमकत होता. धनपालच्या नावावर मांडलेली चोरी या हातानं सांडली होती.

"सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं तर तू कार्ड घेऊन पळाली असतीस."

"मग? पळू नको?"

"त्रिशला, नात झाल्याचा फोन केलास तू. मी काय म्हणालो?"

"'बरं' म्हणालात." ते 'बरं' त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"'बरं' म्हणालो आणि पुढची कडी जोडायला घेतली. एक थेंब इकडंतिकडं झाला नाही. हात दगडासारखा, मी पण दगडासारखा. यंत्र बंद झालं तेव्हा ते आठवलं. असं रडू आलं म्हणतीस!" ते हसले. "शंख आता या हातानं उठायचा नाही. म्हणून धनपाल."

"आणि माझं म्हणणं वेगळं असलं तर?"

"तर देतो की अंगठा. तू म्हणशील तसं."

इथंच त्रिशलाबाईंचं घोडं अडलं. हा माणूस भावाला हो म्हणत होता, बायकोला हो म्हणत होता, उद्या दारावरच्या भंगारवाल्यालाही हो म्हणाला असता. अशा होकाराचा टंच काय धरायचा? शंखासारखा छाप बंद करायचा निर्णय जिनपालांचा आहे का पहिल्या उन्हाळ्याचा, हे पारखणारा माणूस एकच होता: कार्डातला जिनपाल. त्याला विचारायचं तर त्याला बाहेर काढायला हवं.

आणि बाहेर आला की तो परत जाणार नाही, याचीही त्यांना पक्की खात्री होती. मऊ जिनपाल कशालाही अंगठा देईल. कडक जिनपाल कशालाच देणार नाही. प्रती कपाटात कितीही जपून ठेवा. परतीच्या दारावर अंगठा त्याचाच लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कोल्हापूरला निघताना त्यांनी चांदीची एक पट्टी नवऱ्यापुढं ठेवली. "यावर शंख मारून द्या."

"कशाला?"

"माल बाहेर जातोय. परत यायला पाहिजे."

जिनपालांना कळलं. हुपरीत माल दुसऱ्याकडे कामाला दिला की घेणारा आपला छाप मारलेली पट्टी देणाऱ्याजवळ ठेवतो. पट्टी दाखवली की माल परत, का नि कशाला विचारायचं नाही. याला म्हणतात परतीचा छाप. त्यांनी ठसा धरला, हातोडी उचलली. हात हलला. शंख वाकडा उठला, कडेला तुटका.

"दुसरा मारू?"

"नको. हाच राहू दे."

दवाखान्यात रेवतीनं आधी आत्ताच्या सेटिंगची प्रत काढली आणि उघडून आकडा न आकडा ताडून बघितला. "आत आहे ते जपल्याशिवाय दुसरं भरायचं नाही," ती म्हणाली. "आणि काकू, वजनावर विश्वास नाही ठेवला मी." मग कार्ड लावलं. दोघांनी अंगठे दिले.

"नीट जा," त्रिशलाबाई म्हणाल्या. असं त्या एरवी लेकीला गाडीत बसवतानाच म्हणत.

आधी हात थांबला. करंगळी, मग पंजा. मग चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी वजा करावं तसं गेलं.

"कारखाना उघडा टाकून आलोय का?" जिनपालांनी विचारलं.

"कुलूप घातलंय. अहो, अक्षय तृतीयेचं—"

"सगळं आठवतंय मला. खुळेपणा आहे. ज्यानं एकदा हलका माल खपवला त्याच्याबरोबर छाप नाही." त्यांनी हात उजेडात धरून बघितला, उलटा-सुलटा केला. "आणि मी परत जाणार नाही. अंगठा मागू नका."

रेवतीनं मान हलवली. "काकू, समोरच्या पेशंटचं नको म्हणजे नको. मला काही करता येणार नाही."

त्रिशलाबाईंनी पर्समधून पट्टी काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

जिनपाल ती घेऊन खिडकीशी गेले. "वाकडा उठलाय."

"व्हय."

"कड तुटलीय शंखाची. कुणी मारला?"

"तुम्ही. आज सकाळी."

"परतीचा?"

"परतीचा."

जिनपालांनी स्थिर अंगठा त्या तुटक्या कडेवरून एकदा फिरवला. रेवतीचं लक्ष घड्याळाकडं, त्रिशलाबाईंचं त्या अंगठ्याकडं.

"असला छाप मी बाजारात जाऊ दिला नसता."

"माहीत आहे."

"पण आहे माझाच." त्यांनी पट्टी परत दिली. "छाप दाखवल्यावर माल अडवायचा नसतो."

ते येऊन खुर्चीत बसले. "शंख बंद करायचा नाही. ठसा तुझ्या ताब्यात ठेव. परत येईल त्याच्याकडं नको, धनपालकडं तर नकोच. टंच तू बघायचास, मग उठवायचा. तो बघणार नाही, त्याला सगळेच चांगले दिसतात."

"बरं," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि आपण कुठला शब्द वापरला ते त्यांचं त्यांनाच जाणवलं.

जिनपालांनी अंगठा पुढं केला, मग मधेच थांबवला. "आणि आमटीत मीठ कमी असतं तुझ्या. पहिल्यापासून. तो सांगायचा नाही, म्हणून मी सांगून जातो."

अक्षय तृतीयेला कारखाने एक झाले. नवा छाप काही झाला नाही. शंखाचा ठसा त्रिशलाबाईंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आला. धनपालनं पहिला माल आणला तेव्हा त्यांनी त्यातला एक नग काढून टंच बघायला घेतला.

"वहिनी, अजून संशय?"

"संशय नव्हे, भावजी. टंच." माल चोख निघाला. त्यांनी शंख उठवला, आणि घटीबद्दल बोलले ते चुकले, असं न म्हणता चहाबरोबर चार पेढे ठेवले. धनपालनं हिशेब समजून घेतला आणि चारही खाल्ले.

संध्याकाळी ऊन ताटावर असताना दोघं जेवायला बसले. जिनपालांनी आमटीचा भुरका घेतला आणि थांबले.

"आज..."

"काय आज?"

त्यांनी वाटी पुढं केली. ताटाच्या कडेला लागून ती किणकिणत होती.

त्रिशलाबाईंनी पळी घेतली आणि वाटी अर्धीच भरली, सांडू नये म्हणून.